प्रायोगिक नाटक पडद्यावर आणताना कॅमेऱ्याने कोठे उभे राहावे?

माळवी (इंदूर)

प्रायोगिक नाटकावरून चित्रपट झाला की परीक्षणांत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे तो नाटकी राहिला की पुरेसा चित्रपटीय झाला. कौटुंबिक व्यावसायिक नाटकांच्या बाबतीत हा प्रश्न कदाचित पुरेसा असेल. प्रायोगिक नाटकांच्या बाबतीत मात्र तो आपल्याला मुद्द्यापासून दूर नेतो असे माझे मत आहे, आणि त्यावर येथील जाणकारांशी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. निमित्त असे की येत्या पावसाळ्यात इंदूरमधल्या आम्हा काही नाट्यप्रेमींना अशा चित्रपटांचे एक घरगुती सत्र भरवायचे आहे, आणि निवडीची कसोटी कोणती असावी यावरून आमच्यात तीव्र मतभेद झाले आहेत.

माझी कसोटी अशी. प्रायोगिक नाटककार बहुतेक वेळा स्वतःवर एखादे कडक बंधन घालून घेतो. सगळे नाटक एकाच खोलीत घडवायचे, ज्याच्याविषयी सारे बोलतात त्या माणसाला प्रवेशच द्यायचा नाही, पात्रांना निघून जायला वाटच ठेवायची नाही, अशी ती बंधने असतात. त्या बंधनापलीकडचे जे काही प्रेक्षक आपल्या मनात उभे करतो, त्यातच नाटकाचा प्राण असतो. कॅमेरा हे बंधन एका क्षणात मोडू शकतो, कारण तो खोलीबाहेर जाऊ शकतो, भूतकाळात जाऊ शकतो आणि न आलेल्या माणसाला समोर आणून उभे करू शकतो. म्हणून मी पहिल्यांदा हे पाहते की नाटकाने जे रोखून धरले होते ते दिग्दर्शकानेही रोखून धरले का, आणि धरले नसेल तर त्याच्या तोडीचे दुसरे कोणते बंधन त्याने स्वीकारले.

सॅम्युएल बेकेट यांचे 'वेटिंग फॉर गोदो' १९५३ मध्ये पॅरिसच्या एका लहान नाट्यगृहात पहिल्यांदा झाले. १९६१ मध्ये बीबीसीने ते दूरचित्रवाणीवर आणले, तेव्हा दिग्दर्शन डोनाल्ड मॅकव्हिनी या त्यांच्याच विश्वासातल्या माणसाचे होते. तरीही ते पाहून बेकेट नाराज झाले. आपले नाटक मोठ्या अवकाशात अडकलेल्या छोट्या माणसांचे आहे, या पेटीत ती माणसे जागेच्या मानाने फार मोठी दिसतात, अशा आशयाचे ते बोलले. मला हे अत्यंत नेमके निदान वाटते. रंगमंचावर गोदोची वाट पाहणाऱ्या दोघांपैकी व्लादिमिर बोलत असताना आपली नजर त्याच्यावर असली तरी त्याच्या डोक्यावरची आणि आजूबाजूची ओसाड जागा आपल्या डोळ्यांसमोरून हटत नाही. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की ती जागा चौकटीबाहेर पडते, आणि संवाद शब्दशः तेच राहूनही ते दोघे केवळ गप्पा मारणारी माणसे होतात.

याच्या उलट उदाहरण म्हणून मी मणी कौल यांचा 'आषाढ का एक दिन' (१९७१) सुचवते. मोहन राकेश यांच्या १९५८ च्या या नाटकात कालिदास उज्जयिनीला जातो, राजकवी होतो, पुढे काश्मीरचा शासक होतो. पण रंगमंचावर आपण मागे राहिलेल्या त्याच्या प्रेयसीच्या, मल्लिकेच्या घरातून एकदाही बाहेर पडत नाही. आपल्या इंदूरहून उज्जैन तासा-दीड तासावर आहे आणि कालिदास समारोहाच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांचे तेथे जाणे-येणे असते, त्यामुळे या नाटकातली न दिसणारी उज्जयिनी माळव्यातल्या वाचकाला फार खुपते. वैभवशाली राजसभा दाखवण्याचा मोह एखाद्या दिग्दर्शकाला सहज झाला असता. कौल यांनी तो टाळला, आणि शिवाय एक स्वतःचे बंधन घातले : संवाद आधी ध्वनिमुद्रित करून घेतले आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवले. त्यामुळे अरुण खोपकर यांचा कालिदास, रेखा सबनीस यांची मल्लिका आणि ओम शिवपुरी यांचा विलोम यांचे आवाज देहापासून किंचित सुटे, आठवणीतून आल्यासारखे ऐकू येतात. के. के. महाजन यांचा कॅमेराही भावनेच्या मागे धावत नाही. हा चित्रपट संथ आहे अशी तक्रार मी नेहमी ऐकते. पण वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या स्त्रीची गोष्ट वेगाने सांगणे हाच तिच्यावर अन्याय झाला असता.

प्रकाशझोत (इंदूर)

माळवीताई, धागा महत्त्वाचा आहे, पण आपले दुसरे उदाहरण मला या विषयात बसत नाही. 'आषाढ का एक दिन' हे बांधणीच्या दृष्टीने तीन अंकी, एका घरात घडणारे, बऱ्यापैकी वास्तववादी नाटक आहे. त्यात प्रयोग आहे तो कौल यांचा, राकेश यांचा नव्हे. म्हणजे साध्या बांधणीच्या नाटकावरून प्रायोगिक चित्रपट होऊ शकतो एवढेच त्यातून सिद्ध होते. ज्या नाटकाचे रूपच बंडखोर आहे ते पडद्यावर कसे जाते, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे प्रकाशयोजना करत आलो आहे, त्यामुळे माझे लक्ष आधी उजेडाकडे जाते. बेकेट यांचेच 'नॉट आय' घ्या. संपूर्ण काळोखात, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, फक्त एक बोलणारे तोंड उजळलेले असते आणि बाजूला एक झगा घातलेली, ऐकणारी मूक आकृती उभी असते. नाट्यगृहात ते तोंड फार लहान, दूरवरचा ठिपका असतो, आणि बाकीचा काळोख आपणही त्याच्याबरोबर वाटून घेत असतो. लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये १९७३ मध्ये बिली व्हाइटलॉ यांनी ते केले आणि नंतर बीबीसीसाठी त्याचे चित्रीकरण झाले. त्यात तोंडाने सगळा पडदा व्यापला, ऐकणारी आकृती गाळली गेली. दात, जीभ, ओठ, लाळ यांशिवाय काहीच दिसत नाही. आपल्या कसोटीप्रमाणे येथे अंतराचे बंधन मोडले. पण त्याच्या जागी इतके असह्य सान्निध्य आले की प्रेक्षकाला पळायला वाव उरला नाही. 'गोदो'च्या वेळी नाराज झालेल्या बेकेट यांना हे रूपांतर मात्र मान्य झाले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. दूर राहणे हा काही नियम नव्हे. जवळ जायचे तर इतके जावे की परतीचा रस्ता बंद व्हावा.

दुसरे उदाहरण पीटर ब्रूक यांच्या 'मारा/साद'चे. पीटर वाइस यांच्या नाटकात वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण, तेथेच डांबलेले लेखक मार्की द साद यांच्या दिग्दर्शनाखाली, फ्रेंच क्रांतिनेता मारा याच्या हत्येचे नाटक करतात आणि प्रतिष्ठित पाहुणे ते पाहायला बसलेले असतात. ब्रूक यांनी आधी रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी ते बसवले आणि १९६७ मध्ये त्याच नटसंचाला घेऊन चित्रपट केला. डेव्हिड वॉटकिन यांची प्रकाशयोजना अभ्यासण्यासारखी आहे, कारण सगळा उजेड एका अर्धपारदर्शक भिंतीमागून येतो. प्रत्येक चेहऱ्यासाठी वेगळा दिवा नसल्यामुळे कॅमेरा खांद्यावर घेऊन रुग्णांच्या गर्दीत कोठेही शिरता आले, आणि चेहरा कधी पूर्ण काळा तर कधी पांढऱ्या उजेडात विरघळलेला दिसतो. पाहुण्यांना ब्रूक यांनी गजांपलीकडच्या छायाकृती केले. नाट्यगृहात आपण स्वतःच ते पाहुणे असतो. पडद्यावर आपण कधी गजांच्या या बाजूला असतो, कधी त्या बाजूला, आणि नेमके कोठे आहोत याची खात्री वाटत नाही. माझ्या मते हे चित्रपटाने स्वतः कमावलेले आहे.

माळवी (इंदूर)

'आषाढ'विषयी आपला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. नाटकाची बांधणी सरळ आहे. पण नायकाचे सगळे कर्तृत्व रंगमंचाबाहेर ठेवून, मागे राहिलेल्या स्त्रीलाच केंद्र करणे हा १९५८ साली धाडसाचा निर्णय होता, आणि कौल यांचा प्रयोग त्या निर्णयातूनच वाढला आहे. 'नॉट आय'चा मुद्दा मात्र माझ्या कसोटीला अधिक नेमके रूप देतो, त्याबद्दल मनापासून आभार. आता आपल्या मराठी नाटकांकडे वळावे अशी विनंती करते.

सयाजीगंज (वडोदरा)

मी येथील विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकलो. या विषयावर आमच्या वर्गात झालेले वाद अजून मनात ताजे आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मराठीतले सर्वांत कठीण उदाहरण म्हणजे 'घाशीराम कोतवाल'. तेंडुलकरांचे हे नाटक १९७२ मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यदिग्दर्शन हे त्या प्रयोगाचे अलंकार नव्हते, अस्थी होत्या. रंगमंचावर गात-नाचत उभी राहणारी ब्राह्मणांची ओळ कधी भिंत होते, कधी पडदा होते, कधी गर्दी होते. पाठ फिरवून ती जे झाकते आणि बाजूला सरकून जे उघडे करते, त्यातून सत्ता आणि समाज यांचे साटेलोटे प्रेक्षकाला कळते, कोणाला ते बोलून दाखवावे लागत नाही. आता कॅमेऱ्यापुढे ही माणसांची भिंत ठेवली तर काय होईल? कॅमेरा तिच्या मागे जाऊ शकतो, एवढ्याने ती भिंत राहतच नाही.

१९७६ च्या चित्रपटाने म्हणूनच वेगळा रस्ता धरला. युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह या तरुणांच्या सहकारी संस्थेने बँकेचे कर्ज काढून तो केला, आणि दिग्दर्शनात के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप असे चौघे होते. पटकथा तेंडुलकरांचीच, नाना फडणवीसही मोहन आगाशे यांचेच, आणि घाशीरामाच्या भूमिकेत ओम पुरी पहिल्यांदा पडद्यावर आले. नाटकाची लय नाचती आणि चढत जाणारी आहे. चित्रपट लांबलचक, सलग दृश्यांनी चालतो आणि प्रेक्षकाला त्या लयीचा आनंद मुद्दामच घेऊ देत नाही. आणीबाणीच्या काळात केलेल्या या चित्रपटात नाच-गाण्याची धुंदी जाऊन केवळ यंत्रणेचा थंडपणा उरतो. मूळ प्रयोगावर प्रेम करणाऱ्यांना तो रुचत नाही हे मी समजू शकतो. मला स्वतःला तो अपुरा पण प्रामाणिक वाटतो, कारण नाटकाचा सर्वांत यशस्वी भाग हाती आयता असताना त्याची नक्कल करण्याचे या मंडळींनी नाकारले. पुढे अनेक वर्षे तो पाहायलाच मिळत नव्हता. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेत जपलेल्या प्रतीमुळे तो पुन्हा उजेडात आला.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. केनेथ ब्राउन यांच्या 'द ब्रिग' या नाटकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या तुरुंगातला एक दिवस आहे. त्याला कथानक असे नाहीच. आहेत त्या आज्ञा, धावपळ, शिक्षा आणि ओलांडण्यापूर्वी परवानगी मागावी लागणाऱ्या पांढऱ्या रेघा. लिव्हिंग थिएटरने ते १९६३ मध्ये केले. करवसुलीच्या कारवाईत त्यांच्या नाट्यगृहाला कुलूप लागल्यावर नट चोरवाटेने आत शिरले, आणि जोनास मेकस यांनी त्या रात्री कॅमेरा घेऊन थेट रंगमंचावर, नटांच्या मधोमध उभे राहून प्रयोग चित्रित केला. नाट्यगृहात प्रेक्षक आणि कैदी यांच्यामध्ये तारेचे कुंपण होते. मेकस कुंपणाच्या आत होते. त्यांचा कॅमेरा धडपडतो, उशिरा पोहोचतो, कोणाच्या तरी वाटेत येतो. पुढे व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला माहितीपटासाठीचे पारितोषिक मिळाले, आणि ते योग्यच वाटते, कारण पाहणाऱ्याला हे नाटक वाटतच नाही. माळवीताई, आपल्या कसोटीत मी एवढीच भर घालीन : कॅमेरा धरणारा माणूस त्या प्रसंगात कोण आहे? कैदी, पहारेकरी की पाहुणा? मेकस यांना हे निश्चित ठाऊक होते. 'घाशीराम'च्या चित्रपटात हे शेवटपर्यंत ठरत नाही, आणि त्याचे अपुरेपण मला तेथेच जाणवते.

शिंदेछावणी (ग्वाल्हेर)

ही सर्व चर्चा रूपांतराविषयी चालली आहे. साध्या ध्वनिचित्रमुद्रणाची बाजू कोणी घेत नाही, म्हणून मी घेतो.

मुंबई-पुण्याच्या रसिकाला मूळ प्रयोग पाहून मग चित्रपटाशी तुलना करता येते. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला ती चैन आली नाही. मुंबईच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात त्या प्रसिद्ध काळात झालेले प्रायोगिक नाटकांचे प्रयोग आम्ही ग्वाल्हेरात फक्त नियतकालिकांतून वाचले. इंदूरला सानंदसारखी संस्था नियमाने मराठी नाटके आणते, ही मोठी गोष्ट आहे. परंतु दौऱ्याचा खर्च पाहता तिकडून जे निघते ते स्वाभाविकपणे मोठ्या प्रेक्षागृहासाठी बसवलेले असते. पन्नास-शंभर जणांसाठी बसवलेले नाटक रेल्वेने माळव्यात किंवा चंबळच्या काठी क्वचितच पोहोचते. अशा स्थितीत एका कोपऱ्यात ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला ओबडधोबड प्रयोगही आमच्यासाठी अमूल्य असतो.

पोलिश दिग्दर्शक येर्झी ग्रोतोव्स्की यांच्या 'द कॉन्स्टंट प्रिन्स' या नाट्यप्रयोगाचे जे चित्रण आज उपलब्ध आहे, त्यातले चित्र एका प्रयोगाचे आणि आवाज वेगळ्याच प्रयोगाचा आहे. दोन्ही नंतर जोडले, तेव्हा त्यातले प्रमुख नट रिशार्द चेश्लाक यांच्या हालचाली आणि स्वर एकमेकांशी जुळले. पाहणाऱ्याला जे बेभान झोकून देणे वाटत होते, त्यामागे प्रत्येक श्वासाची किती काटेकोर तालीम होती, हे त्या चित्रणामुळेच जगाला कळले. कोणत्याही कल्पक दिग्दर्शकाच्या रूपांतरातून हे कळले नसते. अंधुक, करड्या, एकाच जागेवरून घेतलेल्या त्या चित्रणाला कलाकृती म्हणता येणार नाही, तरी नाट्याभ्यासकाला ते कोणत्याही चित्रपटाइतकेच आवश्यक आहे.

माळवी (इंदूर)

शिंदेछावणी, आपली व्यथा आमचीही आहे. मुद्रणाचे मोल मी नाकारत नाही. सत्राचा एक दिवस केवळ मुद्रणांसाठी ठेवण्याचा विचार मी मंडळींपुढे मांडणार आहे.

आता ज्या चित्रपटावरून आमचे खरे भांडण झाले त्याविषयी लिहिते. महेश एलकुंचवार यांच्या 'पार्टी'त दमयंती राणे यांच्या घरी एका पुरस्कारप्राप्त लेखकाच्या सन्मानार्थ मेजवानी आहे, आणि जमलेले साहित्यिक-कलावंत अमृतविषयी बोलत राहतात. अमृत हा प्रतिभावान कवी सगळे सोडून आदिवासींच्या लढ्यात गेला आहे. तो येत नाही. येते ती त्याच्या मृत्यूची बातमी. नाटकात त्याचे न दिसणे हाच साऱ्या पाहुण्यांवरचा आरोप आहे. गोविंद निहलानी यांच्या १९८४ च्या चित्रपटाची पटकथा एलकुंचवारांचीच आहे, दमयंतीबाईंच्या भूमिकेत विजया मेहता आहेत, आणि मेजवानी त्या घराबाहेर जात नाही. इथवर माझी काहीच तक्रार नाही. कॅमेरा पाहुण्यांमध्ये असा फिरतो की एकाचे बोलणे अर्धवट तोडून दुसऱ्या घोळक्यात शिरावे लागते, आणि रंगमंचावर एकाच वेळी दिसणारी ढोंगे येथे एकामागून एक उघडी पडतात. शेवटी मात्र छळलेला, रक्ताळलेला अमृत दुःस्वप्नात दिसतो, नसीरुद्दीन शाह यांच्या रूपात. अभिनय थरारक आहे. तरीही त्याला चेहरा मिळताच तो एक माणूस होतो, आणि प्रत्येक पाहुण्याच्या मनातला वेगवेगळा अमृत संपतो, असे मला वाटते.

प्रकाशझोत (इंदूर)

याला माझा ठाम विरोध आहे. नाटकात अमृत दिसत नाही तेव्हा आपण त्या पाहुण्यांसारखेच सुरक्षित राहतो. त्याच्याविषयी हळहळून घरी जाऊ शकतो. निहलानी ती सुरक्षितता काढून घेतात. शिवाय तो वास्तवात येत नाही, मागे राहिलेल्यांच्या दुःस्वप्नात येतो, म्हणजे जो दिसतो तो त्यांच्या अपराधी मनाचाच अमृत असतो. कॅमेऱ्यामागचा माणूस कोण, हा सयाजीगंज यांचा प्रश्न येथे लावून पाहा. आतापर्यंत पाहुणा असलेला कॅमेरा त्या क्षणी अपराधी होतो.

निहलानी यांची वाटचालही लक्षात घ्यावी. सत्यदेव दुबे यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१) या चित्रपटाचे छायाचित्रण त्यांचेच होते. खोट्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेबाई अखेरचे स्वगत बोलतात तेव्हा बाकीची पात्रे रंगमंचावर जागच्या जागी गोठलेली असतात. ते शब्द खरोखर उच्चारले गेले की केवळ तिच्या मनात उमटले, हे नाटक सांगत नाही. सुलभा देशपांडे यांनी ही भूमिका १९६७ च्या मूळ प्रयोगातही केली आणि चित्रपटातही. इतक्या अंतर्मुख स्वगतापुढे कॅमेरा घेऊन उभे राहण्याची वेळ ज्याच्यावर आलेली आहे, त्याने 'पार्टी'चा शेवट केवळ धक्का देण्यासाठी केला असेल हे मला पटत नाही.

सयाजीगंज (वडोदरा)

दोन्ही बाजू वाचल्या. मी माळवीताईंच्या बाजूने आहे, पण वेगळ्या कारणाने. दुःस्वप्न आले की चित्रपटाची शैलीच बदलते. तोपर्यंत सारे काही मेजवानीच्या वेळातच, अखंड चाललेले असते. त्यापेक्षा एलकुंचवारांच्याच एकांकिकेवरचा केतन मेहता यांचा 'होली' (१९८४) पाहावा. वसतिगृहातल्या मुलांची मस्ती हळूहळू क्रौर्यात उतरते आणि एका मुलाचा बळी घेते, हे मेहता यांनी मोजक्या, दीर्घ, न तुटणाऱ्या दृश्यांत चित्रित केले. संकलनाची कात्री क्वचितच चालते, त्यामुळे मस्ती संपून छळ नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला हे प्रेक्षकाला बोट ठेवून दाखवता येत नाही. एकांकिकेचा काळ पडद्यावर तसाच्या तसा राखण्याचे इतके चांगले उदाहरण आपल्याकडे दुसरे मला ठाऊक नाही. सत्रात तो अवश्य असावा.

माळवी (इंदूर)

आज सायंकाळी मंडळींपुढे हा सर्व धागा वाचून दाखवला. 'होली' आणि 'पार्टी' एकाच दिवशी, 'नॉट आय' आणि 'मारा/साद' दुसऱ्या दिवशी, 'आषाढ का एक दिन' स्वतंत्रपणे, असे ठरत आहे. 'घाशीराम'ची बरी प्रत मिळाली तर ती प्रयोगाच्या उपलब्ध मुद्रणाबरोबर दाखवू. एक सूचना अशी आली की 'पार्टी'त मृत्यूची बातमी आल्यावर चित्रपट थांबवून मूळ नाटकाचा शेवट मोठ्याने वाचावा आणि मग पुढचा भाग लावावा, म्हणजे दोन्ही शेवट एकमेकांशेजारी ठेवता येतील. प्रकाशझोत, आपले मत कळवावे, यंत्रणा आपल्याच हाती असणार आहे.

प्रकाशझोत (इंदूर)

चित्रपट मध्येच थांबवण्यास माझी संमती नाही. इतका वेळ त्या मेजवानीत अडकलेल्या प्रेक्षकाला दिवे लावून बाहेर काढले, तर निहलानी यांचा शेवट हरणार हे आधीच ठरल्यासारखे होईल. नाटकाचे संपूर्ण वाचन आदल्या आठवड्यात, चित्रपट न पाहिलेल्या मंडळींसमोर करावे. अमृतच्या वाट्याला त्यात एकही वाक्य नाही, त्यामुळे वाचनात त्याच्यासाठी एक रिकामी खुर्चीसुद्धा ठेवू नये. वाचनासाठी मी दमयंतीबाईंची भूमिका सोडून कोणतीही घ्यायला तयार आहे. पुस्तकाच्या दोन-तीन प्रती कोणाकडे असतील तर त्यांनी येथेच कळवावे.